हात हलव्यात आहेत

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दामल्यांच्या घरात वर्षातले सहा आठवडे दबक्या आवाजात बोलतात. डिसेंबरची थंडी नीट पडली की हे सुरू होतं आणि रथसप्तमी मागे पडली की संपतं. तेवढ्या दिवसांत दुपारी अकरा ते चार त्या घराचे पंखे बंद, स्वयंपाकघराची खिडकी बंद आणि दार लोटलेलं असतं. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं कडीला अडकवून जातो, कुरियरवाला पाकीट चपलांच्या कपाटावर ठेवतो. एखादा नवखा माणूस बेल वाजवतोच. मग शरच्चंद्र दामले दार जेमतेम वीतभर उघडतात आणि गंभीर चेहऱ्याने सांगतात, “हात हलव्यात आहेत.” ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय.

हात अर्थात त्यांचे नव्हेत. शरच्चंद्रांचे हात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्राखेरीज कशात फारसे गुंतलेले नसतात. हात असतात हेमाचे, त्यांच्या बायकोचे. छप्पन्न वर्षांची, अंगाने बारीक, बोलायला कमी आणि करायला जास्त अशी ही बाई गेली तीस वर्षं संक्रांतीचे हलव्याचे दागिने करते. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला सासरकडून काळी साडी आणि हलव्याचे दागिने मिळतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला काळं झबलं, हलव्याचा मुकुट घालून बोरन्हाण होतं, ही आपल्याकडची जुनी हौस. हौस तुमची-आमची, कष्ट हेमाचे. कोथरूडपासून विश्रांतवाडीपर्यंत कितीतरी अल्बमांत, हसऱ्या सुनांच्या गळ्यात आणि रडक्या बाळांच्या डोक्यावर तिच्या हातचे पांढरेशुभ्र दाणे आहेत.

बाकीचे दहा महिनेही ती काही हातावर हात ठेवून बसत नाही. हॉलच्या खिडकीशी शिवणाचं मशीन आहे. फ्रिजशेजारी ओव्हन आहे. ब्लाऊज, झबली, दुपटी, वाढदिवसाचे केक, दिवाळीआधी नानकटाई, असं काही ना काही चालूच असतं. पण घराला त्याची झळ लागू द्यायची नाही हा तिचा बाणा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ब्लाऊजचे हूक लावून होतात. केक आत गेला की पस्तीस मिनिटांत अर्ध्या साडीला फॉल लागतो. पोळ्यांची कणीक मुरतेय तोवर केकचं भांडं घासून पालथं. शिवण बाजूला सारता येतं, पीठ झाकून ठेवता येतं, केकला घड्याळ लावता येतं. आणि मध्ये कुणी हाक मारलीच तर उठून जाता येतं. घर सांभाळून काम करणाऱ्या बाईला असंच काम परवडतं, जे तिला उठू देतं.

हलवा उठू देत नाही.

परातीत तीळ घ्यायचे, शेगडी अगदी मंद ठेवायची आणि चमचा चमचा पाक सोडत बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. फिरवत राहायचं म्हणजे राहायचंच. एका परातीला चार दिवस लागतात, रोजचे चार-पाच तास. पहिले तीन दिवस दाणा नुसता पांढरा होत, फुगत जातो. चौथ्या दिवशी, थंडी कोरडी असेल, आच बेताची असेल आणि नशिबाची कृपा असेल, तर दाण्याला काटा धरतो. बारीक, टोकदार, तांदळाच्या कणीएवढासुद्धा नाही. त्याच्यासाठीच सगळा खटाटोप. त्या तास-दीड तासात हात थांबला की संपलं. पाक एका अंगाला बसतो, दाणे एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला जावं तर आलेले काटेही मोडतात. मग उरतो बोडका हलवा. तो चवीला तोच असतो, पण तो दागिन्यांत घालणं म्हणजे जाणत्या बायकांच्यात नाचक्की. हेमाच्या हलव्याला तीस वर्षांत एकदाही काटा चुकला नव्हता. ही तिची एकुलती एक बढाई, आणि तीही ती स्वतः मारत नसे, लोक मारत.

घरात मात्र यासाठी एक खूण ठरून गेली होती. हेमा शेगडीपाशी असताना कुणी दारात आलं तर ती मान न वळवता पाकाचा चमचा वर करी. वर झालेला चमचा म्हणजे: आत्ता नाही. शरच्चंद्रांना चमचा कळे, शेजारच्या मांजरालाही कळे. आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, स्पृहाला, तो बोलायला यायच्याही आधी कळला होता. चमचा दिसला की ती आल्या पावली मागे फिरे. हेमाला त्याचं फार कौतुक. ‘माझी मुलगी शहाणी. कधी आड आली नाही,’ असं ती दागिने न्यायला येणाऱ्या बायकांना सांगे. बायका शोकेसमधल्या काचेच्या बरणीकडे बघत मान डोलावत. त्या बरणीत एका जुन्या वर्षीचा मूठभर हलवा होता, नमुना म्हणून ठेवलेला. ‘असा काटा मला पुन्हा जमला नाही,’ हेमा म्हणे. तेवढं एक वाक्य ती अभिमानाने बोलायची.

गेल्या डिसेंबरात स्पृहाचं लग्न झालं, पण सासरी कुणी वारल्यामुळे लगेच आलेल्या संक्रांतीला सण झाला नव्हता. म्हणून पहिली संक्रांत यंदाची. सासर सदाशिव पेठेत. जावई सौमित्र सालस, घरात सासू-सासरे. स्पृहा हिंजवडीला नोकरी करते. विहीणबाईंचा फोन नोव्हेंबरातच आला. त्या सदाशिव पेठेतल्या असल्यामुळे त्यांना एखादी गोष्ट आडवळणाने सांगणं जमत नसे. त्या म्हणाल्या, “दागिने सासरचे, म्हणजे द्यायचे मी. पण करायचे तुम्ही. मी बाहेरून आणले तर तुम्ही तोंडाने काही म्हणणार नाही, पण हळदीकुंकवाला माझ्या सुनेच्या गळ्याकडे अशा बघाल की मला घास जायचा नाही.”

हेमाला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा घातलं. रीत म्हणून मुलीचे दागिने आपल्या हातून व्हायचे नाहीत, हे तिने मनाशी कधीच मान्य करून टाकलं होतं. ते असे चालत दारी आले. तिने पुठ्ठ्यावर नक्षी काढली. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, कानातली फुलं. सौमित्रसाठी हार आणि नारळ. दर वर्षी नवऱ्यांसाठी हलव्याचं घड्याळ किंवा मोबाइल करून मागणारे लोक असतात. हेमा ते करून देते, पण मनातून तिला ते पटत नाही. जावयाला तिने नारळच ठेवला.

डिसेंबरच्या शेवटी विहीणबाईंचा पुन्हा फोन आला. स्पृहा नको म्हणत होती. काळी साडी नेसायला तयार होती, हळदीकुंकवालाही तिची ना नव्हती, फक्त हलव्याचे दागिने नकोत. विहीणबाई म्हणाल्या, मी सासू पडले, जास्त विचारलं तर ते वेगळंच दिसायचं. तुम्ही आई आहात, तुम्ही विचारा.

हेमाने दुपारच्या सुट्टीची वेळ बघून मुलीला फोन लावला. स्पृहा घाईत होती. साडी नेसतेय ना मी, मग झालं तर, असं तिचं म्हणणं. हेमाने का, का असं दोनदा विचारलं तेव्हा तिने कारण सांगितलं.

“मला तो वास नको वाटतो, आई. पाकाचा. प्लीज, याचा इश्यू नको करूस.”

आणि तिची मीटिंग सुरू झाली.

पाकाचा वास कुणाला नकोसा वाटतो? हेमाला ते कोडं उलगडेना. तिला वाईट वाटलं, रागही आला. आख्ख्या पुण्याच्या सुनांना नटवायचं आणि आपली लेक हळदीकुंकवात बोडक्या गळ्याने उभी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. शरच्चंद्र म्हणाले, तिला तिखट आवडत असेल, मिरच्यांचे करून दे. एरवी हेमा हसली असती. त्या दिवशी तिने त्यांच्यापुढचं ताट जरा जोरात ठेवलं. शरच्चंद्र समजले आणि मुकाट्याने जेवले.

लोकांच्या ऑर्डरी होत्या, त्या तिने पुऱ्या केल्या. संक्रांत आली आणि गेली. सदाशिव पेठेतलं हळदीकुंकू त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी होतं. सगळे डबे रिकामे झाले आणि हेमा दर वर्षीप्रमाणे परात घासून माळ्यावर टाकायच्या ऐवजी पुन्हा तीळ निवडायला बसली. शरच्चंद्रांनी चष्म्यावरून बघितलं. हेमाने ठरवलं होतं, नको म्हणाली तर म्हणू दे. आपण करून ठेवायचे. नाही घातले तर डब्यात राहतील. आयांचं हे असंच असतं, मुलांनी नको म्हटलेल्या गोष्टीच त्यांच्या हातून जास्त मनापासून होतात.

परातीचा तिसरा दिवस होता. हात धुऊन हेमा चहा टाकत होती तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली शर्मिला आली. शर्मिला बालवाडीत शिकवायची, आता घरीच असते, आणि हंगामात दोरे गुंडाळायला हेमाला मदत करते. चहा पिता पिता हेमाने तिच्यापुढे मन मोकळं केलं. पाकाच्या वासाचं सांगितलं. शर्मिलाने ऐकून घेतलं. तिची नजर शोकेसमधल्या बरणीवर होती.

“ती बरणी त्याच दिवसाची ना गं?”

कुठल्या दिवसाची, हेमाने विचारलं.

मग शर्मिलाने सांगितलं. सांगताना ती आपल्या कपातच बघत होती. स्पृहा सहावीत असतानाचा जानेवारी. शाळा लवकर सुटली होती. पोरगी घरी आली, आणि तिला पहिली पाळी आली. तिला काही माहीत नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत निवांत बसून सांगू, असं हेमाने ठरवलेलं. शरच्चंद्र ऑफिसात. हेमाचा चौथा दिवस, काटा धरत आलेला.

एवढं हेमालाही आठवत होतं. संध्याकाळी शर्मिलाने हळूच कानात सांगितल्यावर तिने स्पृहाला जवळ घेतलं होतं, साजूक तुपातला शिरा केला होता. पोर शहाण्यासारखी शर्मिलाकडे गेली, आपल्याला त्रास दिला नाही, याचं तिला त्या दिवशीही कौतुक वाटलं होतं. आणि काटा तर काय सुरेख आला होता.

“ती आधी तुझ्याकडेच आली होती, हेमा,” शर्मिला म्हणाली. “तीनदा. तीनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तू तीनदा चमचा वर केलास. मग माझ्याकडे आली. माझ्याकडे येऊन पहिलं काय म्हणाली असेल? काकू, आईला उठवू नका. हात हलव्यात आहेत.”

हेमाच्या हातातला चहा गार झाला. शर्मिला म्हणाली, तुला कधी बोलले नाही, कारण पोरीने शप्पथ घातली होती. आणि नंतर वाटलं, विसरली असेल. एवढं बोलून ती उठून गेली.

विसरली असेल. बरणी तर घरातच होती, समोर, काचेत. आलेल्या गेलेल्याला हेमा ती दाखवायची, असा काटा मला पुन्हा जमला नाही म्हणायची, आणि कित्येकदा स्पृहा तिथेच सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची. हे आठवलं तशी हेमाला स्वतःची लाज वाटली. नुसतं वाईट नव्हे, लाज. तिने बरणी शोकेसमधून काढली. कुठे ठेवावी कळेना, म्हणून ओव्हनच्या मागे ठेवली.

फोन करावा असं तिला रात्रीपर्यंत दहा वेळा वाटलं. पण अशी गोष्ट फोनवर कशी बोलायची? चौदा वर्षांपूर्वीच्या चमच्याबद्दल माफी कोणत्या शब्दांत मागतात? आणि उद्या तर ती यायचीच होती. काळ्या साडीवरचा ब्लाऊज हेमाच शिवत होती; त्याला काही स्पृहा नको म्हणाली नव्हती. सहा वाजता येते, माप बघायला, असं तिने कळवलं होतं. सहापर्यंत हलवा उरकतो. मग बोलू. हेमाने आपल्या सवयीप्रमाणे वेळा लावल्या आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी थंडी कडक होती, हवा अगदी कोरडी. दुपारी शरच्चंद्र ज्येष्ठ नागरिक संघात बुद्धिबळ हरायला गेले. हेमा शेगडीपाशी बसली. तीनच्या सुमाराला बोटांना पहिली खरखर लागली. तिने वाकून पाहिलं. काटा धरत होता. पाक सोडावा, बोटं फिरवावीत, पुन्हा चमचाभर सोडावा. दाण्यांवर टोकं उभी राहत होती, आणि गेली चौदा वर्षं जसा येत नव्हता तसा काटा या परातीत येऊ घातला होता. बरणीतल्यासारखा. कदाचित त्याहून सरस.

बाहेरच्या दाराला किल्ली लागल्याचा आवाज आला. शरच्चंद्र इतक्यात? पावलं हॉलमधून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. लोटलेलं दार थोडं सरकलं. हेमाला मान न वळवताही कळलं की स्पृहा आहे. ऑफिस लवकर सुटलं असणार. चारही वाजले नव्हते.

सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, लग्न झालेली मुलगी, पण त्या दारात ती लहानपणच्या सवयीने उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

आणि हेमाचा उजवा हात चमच्यासकट वर गेला.

तीस वर्षांची सवय ती. हाताने मनाला विचारलं नाही. मागे पावलं वळल्याचा आवाज आला, अगदी हलका, कुणाला त्रास होऊ नये असा. तो आवाज हेमाने याआधी कितीतरी वेळा ऐकला होता आणि त्याला शहाणपण म्हटलं होतं.

तिने चमचा खाली ठेवला. गॅस बंद केला. बसल्या जागेवरून उठताना गुडघे वाजले. परातीकडे न बघता तिने नळाखाली हात धुतले, पदराला पुसले आणि हॉलमध्ये आली. स्पृहा सोफ्यावर बसून मोबाइल काढत होती. आईला समोर बघून ती दचकली.

“अगं, काय झालं? बरं वाटत नाही का? मी थांबते ना, सहाला म्हणाले होते मी. काटा धरलाय, वास येतोय. जा तू.”

“बसू दे मला,” हेमा म्हणाली, आणि तिच्याजवळ बसली. तिने मनात जुळवलेलं काहीच तिला आठवेना. मग तिने सरळच सांगून टाकलं. “त्या दिवशी तू तीनदा आली होतीस. मला काल कळलं. शर्मिलाने सांगितलं.”

कोणत्या दिवशी, असं स्पृहाने विचारलं नाही. तिने मोबाइल पालथा ठेवला. बराच वेळ ती समोरच्या शोकेसकडे बघत राहिली, बरणीच्या रिकाम्या जागेकडे.

“मला वाटलं, मला काहीतरी भयंकर झालंय,” ती म्हणाली. “आणि तुला हाक मारली तर हलवा बिघडेल. दोन्हीतलं जास्त वाईट कुठलं, ते मला ठरवताच येईना.”

तिचा आवाज शांत होता. रागाचा नव्हता, म्हणूनच हेमाला तो सहन झाला नाही. ती म्हणाली, “माझं चुकलं गं.” आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला रडताना बघून मुलीचाही धीर सुटला. दोघी काही वेळ तशाच बसल्या, एकमेकींचे हात धरून. हेमाची बोटं साखरेने खरखरीत झाली होती. ती किती धुतली तरी जानेवारीभर तशीच राहतात.

मग स्पृहाने नाक पुसलं आणि व्यवहाराचा प्रश्न विचारला. संक्रांत तर झाली, मग आता हा हलवा कोणाचा?

“तुझा,” हेमा म्हणाली.

“मी नको म्हटलं होतं ना?”

“हो.”

“तरी करत बसलीस? आणि मी आले तर मलाच चमचा दाखवलास? माझ्याच हलव्यापायी?” स्पृहाला रडता रडता हसू फुटलं. हेमालाही आलं. असं अडाणीपण करायला तीस वर्षांची तपश्चर्या लागते.

इतक्यात शरच्चंद्र आले. त्यांनी हॉलमध्ये बायको पाहिली, घड्याळात सव्वाचार पाहिले, स्वयंपाकघरात डोकावून बंद शेगडी पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. गॅस संपला का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते आणखीच घाबरले. कुणी गेलं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कुणी गेलं नाही, स्पृहा आली आहे, असं हेमाने सांगितलं. शरच्चंद्र दोघींच्या डोळ्यांकडे बघून काय ते समजले, किंवा काही समजायचं नाही एवढं समजले, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, परातीतलं सगळं एक झालंय, त्याची चिक्की समजायची का?

तिघंही परातीभोवती उभी राहिली. दाणे चिकटून गठ्ठे झाले होते. हेमाने बोटांनी एक गठ्ठा सोडवला, आलेले काटे कण कण होऊन परातीत पडले. तळहातावर उरला गोल, गुळगुळीत, बोडका दाणा. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिला आतून हलल्यासारखं झालं, हे खोटं कशाला सांगा. एवढा काटा आला होता.

स्पृहाने तिच्या तळहातावरचा तो दाणा उचलला आणि तोंडात टाकला. चांगला लागतोय की, म्हणाली. मग म्हणाली, “याचेच कर. मी घालते.”

हेमाने तिला समजावून पाहिलं. असले दागिने नावाला शोभत नाहीत, सासरकडची माणसं येणार, विहीणबाई काय म्हणतील. पण स्पृहा आता हटून बसली. “हाच हलवा माझा आहे. काट्याचा असेल तर नको.”

बोडक्या हलव्याची आणखी एक खोड असते, ती हेमाला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. काट्याचा दाणा दोऱ्याच्या फासात धरून बसतो. गुळगुळीत दाणा निसटतो. एकेका दाण्याला दोन-दोन फास द्यावे लागतात, आणि एकाने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, असं दोघींचं काम होऊन बसतं. म्हणजे जो हार हेमा एकटी एका दुपारी करते त्याला चार संध्याकाळी लागल्या. स्पृहा ऑफिसातून थेट कोथरूडला यायची, पिठलं-भात खायची आणि समोर मांडी घालून दाणे धरायची. पंखा चालू होता, खिडकी उघडी होती. दोघी बोलत होत्या. ऑफिसातलं, सौमित्रचं, सासूबाईंच्या टोमण्यांचं, कशाचंही. मध्येच हेमाला कुणाचा फोन आला तर ती दोरा खाली टाकून फोन घ्यायची. शर्मिलाही एक दिवस येऊन बसली. तिने बघितलं आणि रीळ गुंडाळायला घेतलं.

रविवारी सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांत पन्नास बायका मावल्या कशा, ते त्यांचं त्यांना माहीत. काळ्या साडीत स्पृहा उभी होती. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. दुरून बघणाऱ्याला पांढरे मोती वाटावेत इतकं ते गुळगुळीत होतं. हेमा भिंतीशी एका खुर्चीवर बसून आपल्या हातांकडे बघत होती. विहीणबाईंनी सकाळीच हार हातात घेऊन नीट निरखला होता. त्यांना काय दिसायचं ते दिसलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्या काही बोलल्या नव्हत्या.

पण विहीणबाईंच्या थोरल्या नणंदबाई आल्या होत्या. कुठल्याही कार्यात काय कमी पडलं ते त्यांना सगळ्यात आधी दिसतं. त्यांनी स्पृहाला जवळ बोलावलं, हाराला बोट लावलं, चष्मा वर सरकवला आणि हेमाकडे वळल्या. त्यांच्या नातवाच्या बोरन्हाणाचा मुकुट हेमानेच केला होता.

“हेमाताई, यंदा काटा नाही धरला वाटतं?”

आजूबाजूच्या चार-सहा बायकांच्या माना वळल्या. तिळगुळाच्या वाट्या हातात तशाच राहिल्या. हेमाने मान वर केली. हवा दमट होती, तीळ चांगले नव्हते, असं काहीही सांगता आलं असतं. बायकांनी ते मानलंही असतं.

“धरला होता,” ती म्हणाली. “मी मध्येच उठले.”

“तुम्ही? हलव्यावरून उठलात?” नणंदबाईंना ते खरं वाटेना. “असं काय झालं होतं?”

स्पृहा तिळगुळाची वाटी घेऊन तिथेच उभी होती. हेमाने तिच्याकडे पाहिलं.

“काही नाही. लेक दारात आली होती.”